ताईच्या भिंतीला भोक

ड्रिलच्या लांब बिटची लांबी चाळीस सेंटीमीटर. सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत पंधरा सेंटीमीटर.

*

मासेमारीच्या बोटीवरून आणलेला बर्फ थर्माकोलच्या पेटीत दोन दिवस टिकतो. वरून भुसा घातला तर अडीच.

*

या बेटावर मिसरूड फुटायच्या आत मुलाचं अंथरूण बहिणींच्या घरातून बाहेर निघतं. त्यानंतर पार म्हातारा झाला तरी तो बहिणीच्या निजायच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तसं त्याला कुणी बसवून सांगत नाही. पोहता येतं तसंच हेही येतं.

*

मंगळवारी पेसीने मामाची टोपी घेतली ती परत दिलीच नाही. तिला हक्क आहे. भाचीने मामाची कुठलीही वस्तू उचलावी आणि मामाने हसावं, अशी रीत.

*

नर्स लोसेने मागच्या खेपेला वहीत लिहिलं: दोन ते आठ अंश. तीन महिन्यांचा साठा. सोय नसल्यास पेशंटला सोबत घेऊन येणे.

*

आता हे सगळं एका घरात आणून ठेवू.

घर फुसीपालाचं. वय त्रेसष्ट, आवाज चर्चमध्ये सगळ्यांत वरचा, आणि बारा वर्षांपासून साखर. दिवसाला दोन इंजेक्शनं. इंजेक्शनाचं औषध बर्फाच्या पेटीत राहायचं, बर्फ बोटीवर अवलंबून, बोट समुद्रावर. गेल्या उन्हाळ्यात दोन कुप्या खराब झाल्या आणि फुसीपाला भजनांच्या तालमीत उभ्या उभ्या कोसळली. तेव्हा नर्सने वहीत ते वाक्य लिहिलं. गुरुवारच्या बोटीने ती येणार. घरात चालू फ्रीज दिसला तर औषध ठेवून जाणार. नाही दिसला तर फुसीपाला त्याच बोटीने मोठ्या बेटाच्या दवाखान्यात, आणि तिथून ऑकलंडला मुलाकडे. मुलाचा फ्रीज कपाटाएवढा आहे म्हणे, बर्फाचे तुकडे स्वतःच पाडतो. त्या बोटीने गेलेली म्हातारी माणसं नाताळला नवे बूट घालून येतात, चार दिवस राहतात, आणि पुढच्या नाताळला येत नाहीत.

तिला जायचं नव्हतं. तिने कुणाला तसं म्हटलं नव्हतं, पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि भाऊ लिसिआते. तिच्याहून पाच वर्षांनी लहान. या लहान बेटांवर सोलर बसवणारा एकटा माणूस. एकसष्ट छपरांवर त्याने पॅनल चढवले होते. पाद्रीबाबांचं छप्पर, शाळेचं, दुकानाचं, अगदी डुकरांच्या गोठ्याचंही एक. सख्ख्या बहिणीचं तेवढं राहिलं होतं. लोक टोमणे मारायचे. तो म्हणायचा, "ताईच म्हणतात, आधी दुसऱ्यांचं होऊ दे." ते खरं होतं, पण अर्धंच. बॅटरी कोरड्या, बंद खोलीत ठेवावी लागते, नाहीतर खारा वारा तिची टोकं खातो. फुसीपालाच्या घरी तशी खोली एकच. बाकी सगळं प्लायवुड आणि पत्रा.

ती खोली म्हणजे तिची निजायची.

*

मंगळवारचं काम सोपं होतं, कारण ते छपरावर होतं. म्हणजे तेही तितकं सोपं नव्हतं. बहीण खाली असताना भावाने तिच्या डोक्यावरून चालायचं नाही, म्हणून फुसीपाला दिवसभर विलायती फणसाखाली चटई टाकून बसली. वर ठोकाठोक सुरू. तिची मुलगी पेसी, चौतीस वर्षांची, गावच्या शाळेत मास्तरीण, शिडीवर अर्ध्यात उभी राहून स्क्रू देत होती. डोक्यावर मामाची टोपी.

"मामा, ऊन लागत नाही का रे तुला?"

"टोपी दे मग."

"नको. लागू दे."

संध्याकाळपर्यंत चार पॅनल उत्तरेच्या उतारावर घट्ट बसले. लिसिआते खाली उतरला. फुसीपाला पेसीकडे बघून म्हणाली, "त्याला म्हणावं, जेवून जा." लिसिआते पेसीकडे बघून म्हणाला, "ताईंना सांग, पोट भरलंय." मग तो जेवला. तारोची, अळूसारखी, पानं नारळाच्या दुधात शिजवलेली, आत डब्यातलं मटण. दोनदा वाढून घेतलं.

*

बुधवारी सकाळी भिंत.

ही खोली लिसिआतेनेच बांधलेली, मोठ्या वादळानंतरच्या वर्षी. एकेक ठोकळा त्याच्या हाताखालून गेलेला. छप्पर चढलं, फुसीपालाचा पलंग आत गेला, आणि तो बाहेर आला तो कायमचा. तरी त्याच्या डोळ्यांपुढे ती खोली स्वच्छ उभी होती: पूर्वेची भिंत कोरी, करडी, छातीएवढ्या उंचीला बोर्डासाठी उत्तम. बाहेरून भोक पाडायचं, तार आत सोडायची, पेसी आत बोर्ड बसवेल आणि पलंगाशेजारी आणून ठेवलेला फ्रीज त्याला जोडेल. हिशोब चोख.

दुसऱ्या कुणाच्याही घरी तो आधी आत जातो. टेप लावतो. घरमालकिणीला म्हणतो, काकू, हे कपाट जरा सरकवा. एकसष्ट घरांत एकदाही चुकलं नव्हतं.

पेसी स्वयंपाकाच्या खोपटात गेली होती. त्याने तिची वाट पाहायला हवी होती. पण ऊन चढत होतं, बॅटरी आज भरायला हवी होती, फ्रीज गार व्हायला रात्र लागते. त्याने ड्रिल टेकवलं.

सिमेंटची करडी भुकटी येत राहिली. मग भिंत संपल्याचा तो ओळखीचा हलकेपणा हाताला लागला. आणि मग, हलकेपणा लागायला हवा तिथे, काहीतरी मऊ. चिवट. त्याने नेटाने रेटलं. जुनं प्लायवुड असेल, म्हणून थोडं आणखी.

बिट बाहेर काढलं तेव्हा त्याला तपकिरी तंतू गुंडाळलेले होते.

लिसिआतेने ते बोटांत घेतले. चोळले. नाकाला लावले. तुतीच्या सालीचा वास.

*

पेसी आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

"पेसी?"

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"अगं बोल की."

"मामा, तू इथेच थांब."

"कुठे जाणार आहे मी! काय आहे तिथे?"

"पेटी आहे मोठी. भिंतीला लावलेली."

"पेटीवर?"

"पेटीवर न्गातू आहे. घडी घालून, भिंतीला उभं टेकवलेलं. तुझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत."

*

न्गातू म्हणजे तुतीच्या सालीचं कापड. ते कसं बनतं, हे थोडक्यात. साल सोलायची, भिजवायची, ओंडक्यावर कुटून कुटून रुंद करायची. पट्ट्या एकमेकींना चिकटवायच्या. मग रंग, मग नक्षी. चार बायका, दोन पावसाळे, आणि शेवटी अंगणभर पसरेल असं एक कापड. ते घड्या घालून ठेवतात. घड्या पुष्कळ होतात.

घडी घातलेल्या कापडाला एक भोक पाडलं तर उलगडल्यावर किती होतात, हे शाळेतल्या मुलांनाही सांगता येतं.

*

बायकांनी ते बाहेर आणून गवतावर उलगडलं. शेजारची आना आली, चर्चमधल्या दोघी आल्या. उलगडत गेल्या तशी भोकं दिसत गेली. एकसारखी, बोटभर रुंद, दोन सरळ ओळींत. खालचं हिरवं गवत त्यांतून डोकावत होतं.

"एकोणीस," आना म्हणाली.

लिसिआते पाठ फिरवून विलायती फणसाखाली बसला होता. त्याने ड्रिल पुसलं, पिशवीत घातलं. पाने एकेक करून घातले. पिशवीची चेन लावली. त्याला उठता येईना. बहिणीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, आणि हात घातला तो असा.

पेसी आली.

"मामा, ऊठ. अकरा वाजले."

"त्यांना सांग, मी पाद्रीबाबांना घेऊन येतो. रीतसर माफी मागतो. चटई कमरेला बांधून."

"आणि तारा कोण जोडणार, पाद्रीबाबा?"

"माझ्या हाताने नको आता. मोठ्या बेटावरून दुसरा कुणी…"

"उद्या बोट आहे. तुला कळतंय का?"

त्याला कळत होतं. म्हणूनच त्याला उठता येत नव्हतं. आपल्या हाताने आणखी काय फुटेल, याची त्याला भीती होती.

पेसी आईकडे गेली. मधलं अंतर पंधरा पावलं. आई तिला जे म्हणाली ते लिसिआतेला लख्ख ऐकू येत होतं, कारण फुसीपाला चर्चमधल्याच आवाजात बोलत होती.

"त्याला म्हणावं, ते मी माझ्या मयतीसाठी ठेवलं होतं. माझ्या खाली अंथरायला. मला कुठे तेव्हा भोकं मोजायची आहेत?"

आना तोंडावर हात ठेवून हसली.

"आणि म्हणावं, फ्रीज चालला नाही तर ते लवकर लागेल. मग भोकं बुजवायलाही वेळ मिळायचा नाही आम्हाला."

आता दोघी-तिघी हसल्या.

"आणि म्हणावं, भिंतीला भोक पडलंय ते पडलंय. त्यातून तार आली तर ते कामाचं. नाही आली तर नुसतं भोक. पाऊस येईल आत."

पेसी पंधरा पावलं चालत आली. "मामा, आई म्हणते…"

"ऐकलं."

"मग?"

लिसिआतेने पिशवीची चेन उघडली.

*

पुढचे चार तास असे गेले:

पेसी आत. लिसिआते बाहेर, भोकाला तोंड लावून. डोळे गच्च मिटलेले. भोकातून काही दिसलं असतं असं नाही, पण मिटलेले बरे.

"बोर्ड सरळ आहे का? पाणसळ लावून बघ."

"बुडबुडा मधे आहे."

"मधे म्हणजे मधोमध?"

"मामा, मी मुलांना भूमिती शिकवते."

"मग चार स्क्रू. आधी तिरपे दोन."

आत धडपड. काहीतरी पडलं.

"काय पडलं?"

"तुझी टोपी."

मग त्याने भोकातून तार आत सोडली. मग बॅटरी. ती जड, पेसीने दोन्ही हातांनी फळीवर धरून ठेवली तेव्हा तारा जोडायला हातच उरला नाही. आना बाहेर खळ शिजवत होती. मग भोकातून आवाज आला, पेसीचा नव्हे.

"लिसिआते."

त्याने डोळे आणखी घट्ट मिटले.

"ताई."

"लाल कुठे लावायची?"

एवढ्या जवळून ती त्याच्याशी थेट कधी बोलली होती, हे त्याला आठवेना. भिंत मधे होती तरीही.

"जिथे अधिकचं चिन्ह आहे, ताई. पण आधी काळी. काळी उण्याला. पाना दुसऱ्या टोकाला लागू देऊ नका, ठिणगी उडते."

"किती घट्ट?"

इतरांना तो जे सांगतो ते बहिणीला सांगण्यासारखं नव्हतं.

"नारळ खवताना खवणी गुडघ्याखाली दाबता ना, तेवढं."

"बरं."

पाना फिरल्याचा आवाज आला. बाई कामाची होती. पाना एकदाही घसरला नाही.

"आता लाल."

"लावली. पेसी, हलू नकोस. हं. झालं."

लिसिआते शिडीकडे धावला, छपराखालचा खटका वर केला, परत धावत आला. भोकात आता तार होती, तरी त्याने तिच्या कडेने विचारलं, "दिवा? बोर्डावरचा छोटा दिवा?"

"हिरवा," पेसी म्हणाली.

"डोळा मारतोय की स्थिर?"

"मारतोय… मारतोय… थांब. स्थिर."

त्याने कपाळ भिंतीला टेकवलं. सिमेंट उन्हाने तापलेलं होतं. मिनिटभराने आतून फ्रीजची बारीकशी घरघर सुरू झाली. एकसष्ट घरांत ऐकलेली, पण इथे त्याला कान लावावा लागला.

फुसीपाला म्हणाली, "हा रात्रभर असाच घोरणार का?"

"नाही ताई. गार झाला की गप्प बसतो."

"मग तुझ्यापेक्षा बरा."

*

नर्स लोसे गुरुवारी दुपारी आली, घामाघूम, खांद्याला निळी पेटी. आत गेली. फ्रीजमध्ये आपला थर्मामीटर ठेवला, आणि वाट बघत पलंगावर बसून लिंबाचं सरबत प्यायली.

अंगणात न्गातू पसरलेलं होतं. चार बायका भोकांवर सालीचे गोल तुकडे खळीने चिकटवत होत्या. न्गातूला ठिगळ नवं नाही. कुटताना साल फाटतेच. पण इतक्या सरळ रेषेतली ठिगळं कुणी पाहिली नव्हती. आनाचं म्हणणं, वरून नक्षी काढली की मुद्दाम केल्यासारखं दिसेल. दुसरीचं म्हणणं, नक्षी काढूच नका, मयतीला आलेल्या प्रत्येकाला सांगायला गोष्ट राहील. लिसिआते फणसाखाली उभा होता. तो ना बायकांकडे बघत होता, ना दाराकडे. एक स्क्रू बोटांत फिरवत होता.

लोसे बाहेर आली. निळी पेटी तिच्या एका बोटाला लटकत होती, रिकामी.

"पाच," ती म्हणाली. "पाच अंश. तीन महिन्यांनी येते."

लिसिआतेने मान हलवली. स्क्रू खिशात टाकला, पुन्हा काढला.

"तुम्ही आत येऊन बघा तरी," लोसे म्हणाली. ती मोठ्या बेटावर वाढलेली, तिला इथलं सगळं पुरतं माहीत नसे. "छान बसवलंय."

"मी बाहेरून बघितलं," तो म्हणाला.

घरातून फुसीपालाचा आवाज आला, भिंतीलाही ऐकू जाईल असा: "त्याला म्हणावं, जेवून जा."

"पोट भरलंय म्हणावं," लिसिआते म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

त्या आठवड्याच्या सोमवारीच, पॅनल बोटीतून किनाऱ्यावर उतरायच्या आधी, फुसीपालाने प्रवासासाठी मुलाने ऑकलंडहून पाठवलेली चाकांची बॅग आनाला देऊन टाकली होती.