एकाही आईची तक्रार नाही

एक्कावन्न साली शुभा जन्मली तेव्हा घाटकोपरच्या चाळीत आधी पेढे वाटले गेले. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी सांगितलं, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत जन्मतः दोष आहे, त्यामुळे पोरीचं अंग मुलासारखं दिसतंय. आतून ती चांगली मुलगीच आहे. मग तिच्या बापाने, श्यामसुंदरने, मान खाली घालून बर्फी वाटली. शेजाऱ्यांनी दोन्ही खाल्लं आणि कुजबुजायला तोंड मोकळं ठेवलं.

आईला, वसुधाला, त्या लाजेचं फारसं काही वाटलं नाही. पोर ओकून ओकून सुकत चालली होती. ती जगली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. जगवली ती अंधेरीच्या डॉक्टर मार्तंड टिपणिसांनी. परदेशातून येणाऱ्या कॉर्टिसोनच्या गोळ्या त्यांच्याकडेच मिळत, त्याही फुकट. गोळी चुकली की पोर अंथरूण धरी. शुभा दोन वर्षांची झाल्यावर "जास्तीचं आहे ते काढून टाकू" म्हणत त्यांनी शस्त्रक्रियाही उरकली, नखं काढावीत तशी.

त्यानंतर दरवर्षी एका रविवारी त्यांच्या दवाखान्यात हजेरी. टेबलावर शुभा, भोवती विद्यार्थ्यांचा घोळका आणि डॉक्टरांचं पालुपद, "रिझल्ट बघा. कुणाला शंका तरी येईल का?" शेवटी ते वसुधाकडे वळत. "काही तक्रार, बाई?"

"नाही हो डॉक्टर, सगळं छान आहे."

देवापुढे आणि डॉक्टरपुढे रडगाणं गायचं नाही, हे तिच्या माहेरचं वळण. खरं तर छान काहीच नव्हतं. कापलेली जागा दुखे, लघवीला आग होई, मधूनच ताप भरे. पण गोळ्या ज्याच्या हातात, त्याच्या कामाला नावं कोण ठेवणार? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. वसुधाला अक्कल होती, पण ती वापरायची सोय नव्हती.

यंदा शुभाला आठवं लागलं होतं. अंधेरीच्या बसमध्येच ती म्हणाली, "आई, मी नाही दाखवणार."

"पाचच मिनिटं गं."

"मग तू दाखव ना."

वसुधाला हसू आलं आणि पाठोपाठ तिने पोरीला जवळ ओढून घेतलं.

दवाखान्यात डॉक्टर रंगात आले होते. "आजवर माझ्याकडच्या एकाही मुलीच्या आईची तक्रार नाही," ते विद्यार्थ्यांना सांगत होते. "हो की नाही, बाई?"

टेबलावर बसलेल्या शुभाने फ्रॉक दोन्ही मुठींत आवळून धरला होता.

"तक्रार आहे," वसुधा म्हणाली. स्वतःचाच आवाज ऐकून ती घाबरली, पण थांबली नाही. "तिला दुखतं. पहिल्यापासून दुखतंय. आणि यापुढे ती कुणाला दाखवणार नाही."

"मग इतकी वर्षं मूग गिळून का बसलात?"

"गोळ्या तुम्ही देता ना."

विद्यार्थी छताकडे बघू लागले. डॉक्टरांनी तरातरा जाऊन दार उघडलं. बाहेर बाकावर आणखी तिघी आपापल्या पोरींना घेऊन बसल्या होत्या. "खरं सांगा, कुणाची काही तक्रार आहे?"

तिघींनी माना हलवल्या. "नाही, डॉक्टर."

"बघा," डॉक्टर वसुधाला म्हणाले.

चौघींच्या गोळ्यांच्या बाटल्या खोलीतल्या कपाटावर मांडलेल्या होत्या. वसुधाने एक आपल्या पिशवीत टाकली, बाकीच्या पदरात घेतल्या आणि बाहेर जाऊन प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवली.

"अहो, हे काय चालवलंय?"

"आता विचारा," ती म्हणाली.

डॉक्टर चिडले होते, पण बेइमान नव्हते. त्यांनी पुन्हा विचारलं. पहिलीने याही वेळी नाही म्हटलं. दुसरी नुसती बाटलीकडे बघत राहिली. तिसरी, मालाडहून येणारी सुगंधा, हिने आधी बाटली पिशवीत तळाशी खोचली.

"माझी पोर पाणीच पीत नाही, डॉक्टर," ती म्हणाली. "प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की दुखतं. म्हणून तहानलेलीच राहते."

"माझीही," दुसरी म्हणाली.

मग जिने दोनदा नाही म्हटलं होतं, ती रडायला लागली. बायकांनी सरकून बाकावर जागा केली, आणि डॉक्टर तिथे बसले.