नवव्या मजल्यावरची कुंडी

“मॅडम, ही लंगोटं आधी उडवा. असं पाहून कोण फ्लॅट घेईल?” विक्री सांभाळणाऱ्या सुमंतने लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि लगेच ते पँटला पुसलं, जणू लंगोट ओलंच होतं.

दीक्षाने आपण काढलेला फोटो पडद्यावर मोठा केला. बिल्डरच्या विक्री कार्यालयात मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारून ठेवला होता. बाहेर सिमेंटची धूळ, आत हा खोटा मोगरा. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलंच काम. घरी आई पिंकीला सांभाळत होती आणि इथे तिची छाती दुधाने ठणकत होती. कुर्त्याच्या आत घडी करून ठेवलेला रुमाल केव्हाच भिजला होता.

बिल्डरला दुसरा टॉवर विकायचा होता. तो अजून अर्धाच उभा राहिलेला, म्हणून शेजारच्या राहत्या टॉवरचा फोटो मोठ्या फलकावर लावायचा. त्यासाठी सकाळी दीक्षाने समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कॅमेऱ्याची तिवई लावली होती. पहिल्यांदा वर पाहिलं तेव्हा तिला नुसता उबग आला होता. डब्यावर डबा ठेवावा तशा गॅलऱ्या, मधे बोटभर आभाळ नाही. मग लेन्समधून एकेक गॅलरी जवळ आली. कुठे लोणच्याची बरणी उन्हाला बसलेली, कुठे जाळी निघालेला कूलर, कुठे एका चिमट्यावर लोंबणारा शाळेचा शर्ट. तिला त्या माणसांची माया आली.

तेवढ्यात मागून आवाज आला होता.

“काय करून राहिली वं बाई?”

काटकुळा म्हातारा, पायात स्लीपर. धोंडबा. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशावर जन्म काढून आता मुलाच्या घरी नवव्या मजल्यावर आलेला.

“बिल्डिंगचा फोटो काढून राहिली, आबाजी.”

“अख्खीचा? मंग माही गॅलरी बी येईन त्याच्यात?”

“येईन ना.”

“थांब मंग. घाई नोको करू. मी टोपी घालून येतो.” दोन पावलं जाऊन तो परत वळला. “माहा फोटो एकच हाय, गेटपासवरचा. तोंडाले सारा कोळसा. सून म्हन्ते, मामाजी, हा तुमचा फोटो हाय का कढईचा?”

दीक्षा खळखळून हसली आणि थांबली. ऊन चढायला लागलं तरी थांबली. मग नवव्या मजल्यावर पांढरा सदरा, पांढरी टोपी दिसली. कठड्यावर दोन्ही हात, मान ताठ. त्याने वरून काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं असेल ते तिला कळलं. तिने हात उंच करून सांगितलं, तुम्ही आले फोटोत, आले.

“आणि हा कोण?” सुमंत आता त्याच टोपीवर बोट ठेवून विचारत होता. “झेंडावंदनाला उभा असल्यासारखा?”

“तिथे राहतात ते.”

“राहू दे ना. फोटोत कशाला राहतात? म्हातारा दिसला की गिऱ्हाईक पहिले विचारतं, लिफ्ट बंद असते का? ही बाजूची कुंडीवाली गॅलरी पाहा, एकदम मस्त. हीच त्याच्यावर चिकटवा.”

“सर, एवढासा तर दिसतो. राहू द्या ना.”

“मॅडम, सॅम्पल फ्लॅटच्या फोटोंचं काम पाहिजे ना तुम्हाला?”

तिला पाहिजे होतं. घरी बसून आठ महिने झाले होते, आणि ‘आता कॅमेरा विकून टाक’ असं सासरी दोनदा बोलून झालं होतं.

तिने लंगोटं पुसली. पिंकीच्या लंगोटांसारखीच होती ती, धुऊनही पिवळट राहिलेली. मग शेजारची कुंडी उचलून तिने धोंडबावर ठेवली. सदरा गेला, हात गेले, टोपी गेली. सुमंत म्हणाला, “पाहा, किती स्वच्छ वाटतं!”

त्या संध्याकाळी पिंकीला घेण्याआधी ती मोरीत हात धूत राहिली. पोर रडत होती.

“काहून वं, किती धुऊन राहिली?” आई ओरडली. “कायची घाण लागली एवढी?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि पुन्हा साबण घेतला.

सॅम्पल फ्लॅटचं काम मिळालं. ती गेली त्या दिवशी फाटकापाशी फलक लागला होता, आणि त्याच्यापुढे पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून धोंडबा उभा होता. सोबत चौकीदार ओमप्रकाश. त्याला मुद्दाम दाखवायला आणलेला.

“आबाजी, कुठे हाय तुम्ही? गॅलरी तर रिकामी हाय! फोकट माझी ड्यूटी सोडवली.”

“हाय ना गा. वरून मोज.” धोंडबा स्वतःच बोटाने मजले मोजत आला आणि थबकला. “आमच्या घरी तर कुंडी नाई.”

मग त्याने शेजारची गॅलरी पाहिली. पुन्हा आपली पाहिली. तीच कुंडी, तेच एका बाजूला कललेलं झाड. बोट हळूहळू खाली आलं. मान वळवली तेव्हा त्याला दीक्षा दिसली, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी.

“हीच का ती फोटोवाली?” ओमप्रकाश हसला. “काय मॅडम, आबाजीले उल्लू बनवलं?”

मोगऱ्याचा तोच वास फाटकापर्यंत आला होता.

“ते काहून बनवन?” धोंडबा म्हणाला. “मीच आत गेलो असन तवा, पानी प्यायले. बिचारी उन्हात किती वेळ थांबन?”

“अन् कुंडी?”

“सुनेनं मांगून आणली असन एखाद दिवस.” तो दीक्षाकडे पाहत नव्हता. “जाय वं बाई, तुह्या कामाले उशीर होऊन राहिला.”

त्याने टोपी काढली, नीट चौघडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि लिफ्टकडे चालू लागला.