अंतऱ्यासाठी काठमांडूला

मित्रांनो, मी जाजम आहे. जुनी आहे हे कबूल, पण फाटकी म्हणाल तर रागावेन. मराठी घरात मला 'ते जाजम' म्हणतात आणि उज्जैनच्या बाजारात 'जाजम बिछी'. मला स्वतःला बाजारातलं जास्त आवडतं, म्हणून मी बाईमाणसासारखीच बोलणार. माझ्यावर पंधरा माणसं ऐसपैस मांडी घालून बसतात. गाणं चांगलं असेल तर पंचवीसही बसतात आणि कुणाची तक्रार नसते.

माझा जन्म उज्जैनलगतच्या भैरवगढचा. तिथल्या छपाईवाल्या चाचांनी जाडं सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवलं, वाळवलं आणि लाकडी ठप्प्यांनी माझ्या अंगभर काळ्या-तांबड्या बुट्ट्या उठवल्या. कोपऱ्यातली एक बुट्टी जरा वाकडी आहे, कारण नेमकी तेव्हाच चाचांना शिंक आली. मग मला रंगाच्या कढईत उकळलं, क्षिप्रेच्या वाहत्या पाण्यात धुतलं आणि काठावर वाळत घातलं. तो रंग आजही गेलेला नाही. चहा सांडला, पानाची पिंक उडाली, तरी मी तशीच आहे.

मला विकत घेतलं भय्यासाहेबांनी. त्यांचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात कारकुनीला आले आणि इथलेच झाले. भय्यासाहेबांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे घरची मराठी रीत आणि दुसरी म्हणजे दर गुरुवारची गाण्याची बैठक. त्या दिवशी मला झटकून दिवाणखान्यात अंथरत. पुरुषमंडळी माझ्यावर बसत, बायका माजघराच्या दाराआड. गायला असत श्रीनाथबुवा. तेव्हा ते चाळिशीचे होते आणि त्यांचा आवाज असा मोकळा, की समोरच्या हवेलीतले लोक खिडकीत येऊन उभे राहत.

भय्यासाहेबांची मुलगी अंबिका तेव्हा चौदा वर्षांची होती. बैठकीला तिला माजघरात बसावं लागे, पण दुपारी बुवा तिला शिकवायला येत, तेव्हा ती माझ्यावर बसे. बुवांनी स्वतः एक बंदिश बांधली होती, सारंग रागातली. 'उतरन लागी घाट सिपरा के', अशी तिची स्थायी, म्हणजे पहिला अर्धा भाग. एक बाई पाणी भरायला क्षिप्रेच्या घाटाच्या पायऱ्या उतरते आहे, एवढंच त्यात होतं. स्थायी अंबिकेच्या गळ्यावर चढली, तेव्हा बुवा म्हणाले, "अंतरा पुढच्या आठवड्यात."

पुढचा आठवडा आलाच नाही. शिंदे दरबारातलं बुवांचं काम बंद झालं. नेपाळातल्या एका राणा घराण्यानं त्यांना गवई म्हणून बोलावलं आणि ते आपल्या पत्नीला, अहल्याबाईंना घेऊन चार दिवसांत निघून गेले.

अंबिकेचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका झाली. मला अंथरून ती कधीमधी एकटीच ती स्थायी गाई. स्थायी संपली की थांबे. घरातल्यांना हसत सांगे, "माझी बाई बिचारी इतकी वर्षं पाण्यातच उभी आहे. वर कशी यायची, हे बुवांनी सांगितलंच नाही." ती हसून सांगे, पण माझ्यावर ठेवलेली तिची मूठ आवळलेली असे. तो अंतरा मिळावा, याहून जास्त तिनं देवाकडे काही मागितलं असेल असं मला वाटत नाही.

दरम्यान देश स्वतंत्र झाला. संस्थान गेलं, मध्यभारत झाला, शाळेच्या पाटीवरचं सरकार बदललं. बैठका बंद पडल्या. मला घडी करून माळ्यावर टाकलं. तीन वर्षं माझ्यावर फक्त एक मांजर बसली, आणि तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं.

मग चोपन्न सालच्या पौषात काठमांडूहून चिट्ठी आली. अंबिकेनं ती मोठ्यानं वाचली. बुवांनी लिहिलं होतं, "चिरंजीव अंबिकेस आशीर्वाद. इथलंही राणांचं राज्य गेलं. आता मी माझ्या घरीच बसून चारदोन माणसांना शिकवतो. गळा थकला आहे. चैत्र वद्य पंचमीला माझ्या बाहेरच्या खोलीत दहा-बारा माणसांपुढे शेवटचं गाणार आणि मग तंबोरा गवसणीत घालणार, तसं पशुपतिनाथापुढे ठरवलं आहे. तुझा राहिलेला अंतरा त्या दिवशी गाईन. तू ये. भय्यासाहेबांनाही आण. आणि ते जाजम आण. इथं घरोघरी लोकरीचे गालिचे, ते आवाज पिऊन टाकतात."

मित्रांनो, मला त्याच दिवशी माळ्यावरून काढलं. मांजर नाराज झाली.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. उज्जैनमध्ये दोन पंचांगं चालतात. मराठी घरात महिना अमावास्येला संपतो, इथल्या बाकीच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे उजळ पंधरवड्यात दोघांचा महिना एकच असतो. काळोख्या पंधरवड्यात मात्र बाजार आपल्या एक महिना पुढे असतो. आपली रंगपंचमी म्हणजे आपल्याकडची फाल्गुन वद्य पंचमी, पण बाजारात तिलाच चैत वदी पंचमी म्हणतात.

अंबिकेच्या हे लगेच लक्षात आलं. ती म्हणाली, "भय्यासाहेब, नेपाळात पण महिना इथल्या बाजारासारखाच धरतात म्हणे. बुवांनी तिकडचा महिना लिहिला असेल, तर गाणं रंगपंचमीलाच होऊन जाईल. आपण एक महिना लेट पोचू."

भय्यासाहेबांनी चष्मा काढला. "अगं, श्रीनाथ आपला माणूस आहे. आपल्या घरी जेवला-खाल्लेला. तो आपलाच महिना लिहिणार."

"मग एक चिट्ठी टाकून पूछून घेऊ?"

"पूछून? म्हणजे बुवांना पंचांग कळत नाही, असं त्यांना कळवायचं? बिलकुल नाही."

अंबिकेनं चिट्ठीचा विषय सोडून दिला. खरं सांगायचं तर तिलाही गप्प बसणं सोयीचं होतं. रंगपंचमीच्या सुमारास शाळेच्या परीक्षा होत्या. महिनाभरानंतर सुट्टी लागणार होती. मनाला जे सोयीचं असतं, ते खरंही वाटायला लागतं. रंगपंचमीला सगळं उज्जैन रंगात न्हात होतं आणि रंग लागू नये म्हणून मला आत गुंडाळून ठेवलं होतं. मी निवांत पडून होते. मला तरी काय ठाऊक?

सुट्टी लागली आणि आम्ही निघालो. भय्यासाहेब सत्तरीचे, डोक्याला पगडी. अंबिकेच्या हातात एक पेटी. मी सुतळीनं बांधलेली वळकटी. चार गाड्या बदलून रक्सौलला पोचलो, तिथून नेपाळची छोटी आगगाडी, पुढे एक लॉरी. भीमफेदीला रस्ता संपला. मोटारीचा रस्ता पुढे अजून बांधून व्हायचा होता, डोंगर पायीच ओलांडायचे होते. भय्यासाहेबांसाठी डोली केली. आधी ते नको म्हणाले. अर्ध्या चढावर मुकाट्यानं बसले.

मला एका भरियानं, म्हणजे तिकडच्या हमालानं, पाठीवर घेतलं आणि पट्टा कपाळाला लावला. चिसापानीच्या चौकीवर आमची नावं लिहून घेतली. तिथे थांबलो, तेव्हा भरियानं मला जमिनीवर टेकवलं आणि माझ्यावरच बसून विडी ओढली. माझ्यावर बसलेला तो पहिला परदेशी माणूस. दमलेला होता, बसू दिलं. अंबिका मात्र चढावर थांबायलाच तयार नव्हती. एकवीस वर्षं वाट पाहिलेली बाई, तिला दोन डोंगर काय थांबवणार?

आम्ही चैत्र वद्य तृतीयेला काठमांडूत पोचलो. पंचमीला अजून दोन दिवस होते. भय्यासाहेबांनी डोलीतून उतरतानाच तसं बोलून दाखवलं होतं, "पाहिलंस? वेळेच्या आधी."

दार अहल्याबाईंनी उघडलं. त्यांनी आधी अंबिकेला जवळ घेतलं. मग माझ्या वळकटीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं बाई, आत्ता आलात? गाणं होऊन महिना होत आला. त्यांनी तुमच्यासाठी तास-दीड तास सुरू केलं नव्हतं."

अंबिकेनं पेटी खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली. भय्यासाहेब तिथेच पायरीवर बसले. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर घेतली. घराबाहेर त्यांना बिनपगडीचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"चूक माझी," ते म्हणाले. "पोरगी मला सांगत होती. मी ऐकलं नाही."

आतून बुवा आले. केस पांढरे, चाल थकलेली. सगळं ऐकून ते म्हणाले, "तुमच्या एकट्याची नाही, भय्यासाहेब. इतकी वर्षं इथे राहून मी कुठला महिना धरतो, हे माझं मलाच कळेनासं झालंय. मी मराठीत लिहिलं आणि महिना इथला लिहिला."

अंबिकेनं त्यांना नमस्कार केला. मग तिनं फक्त एवढंच विचारलं, "बुवा, एकदा? नुसता अंतरा?"

बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवापुढे बोलून बसलोय, बेटा. आता नाही गाता येणार."

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. एवढे डोंगर ओलांडून मी एका बंद तंबोऱ्याच्या घरात आले होते.

तेवढ्यात अहल्याबाई म्हणाल्या, "अहो, मीरा आहे ना. त्या दिवशी तिनंच तंबोरा धरला होता. तेव्हापासून नळावर भांडी घासताना तेच गुणगुणत असते."

मीरा शेजारच्या घरची सून. बुवांकडे सहा वर्षं शिकत होती. कडेवर मूल घेऊन ती आली आणि अंबिकेला बघून लाजली. "दीदी, बुवाजी ने दोई बार गाया था. बीच में एक जगह मेरे को पक्का नहीं आता."

"जितना आता है, उतना गाओ," अंबिका म्हणाली.

बाहेरच्या खोलीतला गालिचा अहल्याबाईंनी गुंडाळला आणि मला अंथरलं. दुपारची वेळ होती, सारंगाचीच. अंबिका सवयीनं मागे दाराशी बसायला गेली. भय्यासाहेबांनी तिला हात धरून पुढे आणलं आणि स्वतः दाराशी जाऊन बसले. ऐकायला आम्ही किती? बुवा, भय्यासाहेब, अहल्याबाई, मागोमाग आलेली मीराची सासू आणि तिच्या मांडीवर झोपलेलं मूल. पण मी तुम्हांला शपथेवर सांगते, उज्जैनच्या दिवाणखान्यात इतकी भरलेली बैठक मी पाहिली नव्हती.

अंबिकेनं स्थायी म्हटली. मीरानं अंतरा उचलला. भरली घागर घेऊन ती बाई पायरी पायरी वर यायला लागली. मधे एका जागी मीरा अडखळली, पुन्हा म्हणाली, पुन्हा अडखळली. बुवांचे ओठ हलले आणि त्यांनी ते घट्ट मिटून घेतले. मग त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. एका बुट्टीवरून शेजारच्या बुट्टीवर, मग एक सोडून तिसरीवर, मग हलकेच मागे. मीरा त्या बोटाकडे बघत होती. दुसऱ्यांदा बोट फिरलं, तेव्हा तिला सूर सापडला. तिसऱ्यांदा अंबिकेनंही तिच्याबरोबर म्हटलं. बुवांनी तोंडातून एक सूर काढला नाही आणि अंतरा पूर्ण झाला. भय्यासाहेब दाराशी डोळे पुसत होते. ते नातीला सांगावं तसं मीराला म्हणाले, "बेटी, फिर से एक बार."

संध्याकाळपर्यंत ती बाई किती वेळा घाट चढली, मोजलं नाही. आम्ही तिथे दहा दिवस राहिलो. रोज दुपारी मला अंथरत होते आणि रोज मीरा अंबिकेची गुरू होती.

परत आल्यावर भय्यासाहेबांनी देवास गेटच्या बाजारातून इथल्या लोकांचं पंचांग विकत आणलं आणि आपल्या पंचांगाशेजारी ठेवलं. छप्पन साली मध्यभारतही गेला, मध्यप्रदेश झाला, शाळेची पाटी पुन्हा रंगवली. त्याच वर्षी अंबिकेनं मला शाळेत नेलं. आता माझ्यावर मुली बसतात. त्यांच्या वेण्यांचं तेल मला लागतं, शाईचे डाग पडतात. माझी ना नाही.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला झटका, धुवा, सावलीत वाळवा, पण जपायच्या नावाखाली माळ्यावर टाकू नका. जाजम बसण्यानं झिजते, हे खरं. पण ठेवल्यानं नुसती कुजते. चपला बाहेर काढा आणि खुशाल या.

आलात, तर तुम्हांला एक गंमत दिसेल. अंबिका मुलींना ती बंदिश शिकवते, तेव्हा अंतरा आधी शिकवते आणि स्थायी मागून. शहरातले गवई तिला हसतात. ती सांगते, "कुणा मुलीच्या बापाची बदली होते, कुणाचं लग्न ठरतं, पोरी अचानक निघून जातात. स्थायी काय, वर्गाच्या बाहेरून येता-जाताही कानावर पडेल. माझी एकही मुलगी अंतऱ्यावाचून घरी जाता कामा नये."