प्लास्टरमधला हात

घरात तिला सगळे ठमी म्हणत. हे नाव विद्यापीठात कुणाला कळू नये अशी तिची फार इच्छा होती, पण पहिल्याच वर्षी वडिलांनी वर्गाच्या दारातून "ठमे, डबा विसरलीस!" अशी हाक मारली आणि सगळं मुसळ केरात गेलं.

आता ती ललित कला विभागात शेवटच्या वर्षाला होती. या वर्षी प्रत्येकाने एकच विषय घेऊन तो रेखाटन, छपाई, व्हिडिओ आणि शिल्प अशा चारही माध्यमांत मांडायचा होता. ठमीने वडिलांचे हात घेतले. वडील शिंपी होते. लहानपणापासून ती मशीनच्या पायाशी बसून तेच हात बघत आली होती.

रेखाटनं झाली, लाकडी ठशांवरून छापलेली चित्रं झाली, वडील काज करतानाचा व्हिडिओही झाला. घोडं अडलं ते शिल्पावर. मातीचा पहिला हात वाळताना मनगटातून खचला. दुसरा भट्टीत तडकला. परीक्षा दोन दिवसांवर आली, तशी तिची झोप उडाली. घास तोंडात घोळत राहायचा. बाकीच्यांची टेबलं भरत चाललेली बघितली की ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची.

"सरळ साचा घे ना त्यांच्या हाताचा," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली.

ठमीने ते आधीच मनात घोळवलं होतं. शिल्पाच्या मॅडमनी मात्र वर्गात बजावलं होतं, की प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून अंगावरून साचा घ्यायचा तर पातळ थर द्यायचे, मध्ये थांबायचं, हात कधीही गाडायचा नाही. पण थर देत बसायला वेळ कुठे होता? आणि बाबा काही तान्हं बाळ नव्हेत, चटका बसला तर ओरडतीलच, असं तिने स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील दुकान आईवर सोपवून विद्यापीठात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, जणू हाताचा नाही, त्यांचाच फोटो निघणार होता. तिने त्यांच्या उजव्या हाताला व्हॅसलीन चोपडलं, हात फळ्यांच्या चौकटीत ठेवला आणि प्लास्टर ओतलं. मनगटापर्यंत हात दिसेनासा झाला.

"हलायचं नाही हं बाबा. गरम लागलं तर लगेच सांगा."

"अगं, आयुष्य इस्त्रीजवळ गेलंय माझं. तू तुझं काम कर."

ती घमेलं धुवायला गेली. परत आली तेव्हा वडील मजेत भिंतीवरची चित्रं बघत होते.

"तापलंय का?"

"छे! गारच आहे."

तिने सहज चौकटीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. फळीसुद्धा पोळत होती. वरचं प्लास्टर तर तव्यासारखं झालं होतं.

"बाबा, हात काढा! ओढा बाहेर!"

"निघत नाहीये." वडिलांचा आवाज अजूनही शांत होता, आणि त्यानेच तिच्या अंगावर काटा आला.

तिच्या किंकाळीने मॅडम धावत आल्या. काही न विचारता त्यांनी छिन्नी आणि हातोडी उचलली, फळ्या उचकटल्या आणि कडेकडेने प्लास्टर फोडायला लागल्या. ठमी नखांनी तुकडे ओरबाडत होती. हात बाहेर आला तेव्हा बोटांवरची कातडी सुटली होती, मागची बाजू लालभडक झाली होती. मॅडमनी तो नळाखाली धरला. वडील त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तसे बघत राहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी बांधली. हात वाचला होता, जखमा भरायला वेळ लागणार होता. मग त्यांनी टाचणीचं टोक डाव्या हाताच्या बोटांना टोचलं. "कळतंय?"

वडिलांनी बोटं मिटून घेतली.

"साखर आहे ना तुम्हाला? हे कधीपासून आहे?"

"झालं असेल वर्षभर," वडील खाली बघत म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. मग त्याही यायच्या बंद झाल्या."

आई नुकतीच धापा टाकत पोचली होती. ती मटकन बाकावर बसली. "म्हणजे कापडावर रक्ताचे डाग पडायचे ते... आणि मला म्हणायचात सुया हलक्या आल्यात!"

"शिंप्याला सुई कळत नाही, हे कुणाला सांगू? नजरेने शिवत होतो. जमत होतं."

ठमीला रडू आवरेना. "मला सांगितलं होतं मॅडमनी. मला माहीत होतं, बाबा."

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "तू विचारलंस तेव्हाच सांगायला हवं होतं."

घरी जाताना आईने वडिलांचा दुसरा हात गच्च धरून ठेवला होता.

परीक्षेच्या सकाळी ठमीचं शिल्पाचं टेबल रिकामं होतं. मैत्रिणीने कोपऱ्यातल्या, फोडलेल्या प्लास्टरच्या पोत्याकडे बोट दाखवलं. "ते फुटके तुकडेच मांड. परीक्षक खूश होतील."

"त्याला बाबांची कातडी चिकटलीय," ठमी म्हणाली. पोतं उचलून ती कचऱ्यात टाकून आली.

परीक्षकांनी कारण विचारलं. घडलं ते तिने सगळं सांगितलं. रेखाटनांपाशी ते बराच वेळ थांबले, पण शिल्पात ती नापास झाली. पुढच्या सत्रात ते पुन्हा करायचं होतं.

वडिलांचे औषधोपचार सुरू झाले. बोटांत पूर्वीसारखी जाण येईलच असं डॉक्टर म्हणाले नाहीत. बारीक शिलाई आईने हातात घेतली. वडील मापं घेतात, कापड बेततात आणि गिऱ्हाइकांना हसवतात. इस्त्रीपासून आई त्यांना चार हात लांब ठेवते.

ठमी परत मातीचा हात करायला बसली. संध्याकाळी वडील समोर हात ठेवून बसत. त्यावरची नवी कातडी गुळगुळीत आणि गुलाबी होती. मध्येच तिचं काम थांबायचं. "अवघडला का? खरं सांगा."

"खांदा अवघडलाय," वडील म्हणायचे. आता ते सांगायचे. मग ती त्यांना उठवून दोन फेऱ्या मारायला लावायची. एकदा फेरी मारताना त्यांनी मातीच्या हाताकडे वाकून पाहिलं.

"ठमे, अंगठा पैलवानाचा झालाय गं."

तिने माती कापायची तार घेतली आणि मातीचा अंगठा कापून काढला.