न्हावऱ्याच्या शाळेतला रिमोट बिघडला नव्हता

जुना आहे, हे मला मान्य आहे. बिघडलेला आहे, हे मान्य नाही. मित्रांनो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजल्यामुळे मी एकदा मोडक्या माऊसच्या खोक्यात जाऊन आलो. म्हणून माझी हकिकत मीच सांगतो.

मी पडद्यावरची चित्रं पुढं-मागं करणारा रिमोट आहे. काळा, वीतभरही नाही. अंगावर तीन बटणं आहेत. एक पुढं जायचं, एक मागं यायचं, एक लाल ठिपका पाडायचं. माझ्या पोटात नखाएवढा रिसीव्हर बसतो. तो काढून कॉम्प्युटरला जोडला की मी लांबून सांगतो आणि तो कॉम्प्युटरला कळवतो. आमच्या दोघांत वायर नाही. रिसीव्हर कॉम्प्युटरपर्यंत पोचलाच नाही, तर मी कितीही सांगितलं तरी पडदा हलत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलं होतं, पण खोकं दौंडलाच राहिलं. तिथं स्टेशनजवळच्या एका दुकानाच्या काचेत मी पडून होतो. रेल्वेत काम करणाऱ्या दानिएलनं मला विकत घेतलं आणि बहिणीला दिलं. बहीण म्हणजे एस्थर मॅडम. न्हावऱ्याच्या शाळेत त्या भूगोल शिकवतात. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या काखेत कुबडी असते.

"आता चित्र बदलायला कॉम्प्युटरपाशी पळायला नको," दानिएल म्हणाला.

"पळत कधी होते रे मी?" मॅडम म्हणाल्या, आणि मला मुठीत घेऊन बघू लागल्या.

तेव्हापासून त्यांच्या एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात मी. मी ज्वालामुखी दाखवले, वाळवंटं दाखवली, भीमा आणि घोडनदीचा संगम दाखवला. मागच्या बाकावरची पोरं मला 'मॅडमची कांडी' म्हणत. माझ्या 'पुढं'च्या बटणावरचा बाण पुसून गेला, तो बोटानंच. मला त्याचं वाईट वाटत नाही.

मानही मिळाला. शाळा समितीचे अध्यक्ष भिमाजी आप्पा दर खंडेनवमीला घरच्या ट्रॅक्टरची पूजा उरकून शाळेत येतात आणि कॉम्प्युटरच्या खोलीत पूजा करतात. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आप्पांचा हात सढळ. गेल्या खंडेनवमीला त्यांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर मूठभर अक्षता टाकल्या, एक फूल मलाही वाहिलं आणि म्हणाले, "रानात औजारं, हितं ही. राबतंय त्याला मान द्यावा." मी त्या दिवशी फार सुखावलो होतो.

पुढं परीक्षा झाली, दिवाळीची सुट्टी झाली. माझी गरज कुणाला पडली नाही. मी कपाटात होतो.

सुट्टीनंतर मॅडमनी मला काढलं, ते एसटीसाठी. संध्याकाळची गाडी फाट्यावर थांबते. तिथून वस्तीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे, आणि उसात बिबट्या आहे. वस्तीवरच्या मुली अंधार पडताना त्या रस्त्यानं घरी जात. नववीतल्या मोनालीच्या घरच्यांनी तर सांगून टाकलं होतं, "गाडी वस्तीवर येत नसंल तर शाळा पुरं." मॅडमना गाडी वस्तीपर्यंत हवी होती. त्यासाठी आगाराचे साहेब शाळेत येणार होते.

आदल्या वर्षीही एक साहेब आले होते. त्या दिवशी माझा सेल संपलेला, आणि कॉम्प्युटर शिकवणारे विनोद सर कॉम्प्युटरपाशी बसून चित्रं बदलत होते. मॅडम पडद्यापाशी, सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मॅडम "पुढं" म्हणाल्या की सर दोन चित्रं पुढं जात. "मागं" म्हणाल्या की सुरुवातीला येत. मुलं हसली, साहेबही हसले, आणि चहा पिऊन गेले. गाडी फाट्यावरच राहिली.

या वेळी साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा घेत होते. कॉम्प्युटरच्या खोलीत मॅडम, विनोद सर आणि आप्पा तयारीला लागले होते. विनोद सरांनी माझा रिसीव्हर कॉम्प्युटरला लावला. नेहमी 'टुंग' असा आवाज येतो. आला नाही. मॅडमनी माझं बटण दाबलं. पडदा हलला नाही.

सरांनी माझा सेल बदलला. मग माझ्या तोंडात फुंकर मारली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. शेवटी मला तळहातावर दोनदा आपटलं.

"मॅडम, गेला हा. वय झालं त्याचं."

"जीव न्हाई व्हय त्यात?" आप्पांनी मला उचललं, कानाशी धरून हलवलं आणि मोडक्या माऊसच्या खोक्यात टाकलं. "नवा घिऊ. आज विनोद सर दाबतील की. तुमी निस्तं 'पुढं' म्हना."

"मागच्या वर्षी म्हटलं होतं, आप्पा. गाडी आली का?"

मॅडमनी कुबडी भिंतीला टेकवली, वाकून मला खोक्यातून बाहेर काढलं आणि साडीच्या पदरानं पुसलं. मित्रांनो, त्या खोलीत मला दोषी न ठरवणारं एवढं एकच माणूस होतं.

"विनोद सर, याचा दोष आहे हे कशावरून?"

"चालत नाही, यावरून."

"चालत नाही ते याचं आणि कॉम्प्युटरचं जमत नाही म्हणून. दोघांतला कोण बिघडलाय ते कुठं बघितलं आपण?"

"मॅडम, साहेब चहा पिऊन उठतील."

"मग आप्पा, तुम्ही साहेबांना आणखी एक चहा पाजा. तुमचं ते ऐकतील."

आप्पा हसत गेले. मॅडम मला आणि रिसीव्हरला घेऊन शेजारच्या कार्यालयात गेल्या आणि तिथल्या कॉम्प्युटरला रिसीव्हर लावला. टुंग. बटण दाबलं. पडद्यावरचं पत्रक एक पान पुढं सरकलं. मागचं बटण दाबलं. पान मागं आलं. माझ्या बाजूनं खटला तिथंच संपला होता.

"चालतोय की," विनोद सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा उतरला.

दोघं परत आले. आमच्या खोलीतला कॉम्प्युटर चोरीच्या भीतीनं लोखंडी पिंजऱ्यात ठेवलेला आहे. मागच्या बाजूला हात जात नाही. उघडी आहे ती फक्त वरची बाजू, आणि तिथं यूएसबीच्या दोन खाचा आहेत. एक फार पूर्वी मोडली. दुसरीत माझा रिसीव्हर बसतो. मॅडमनी तो लावला आणि बोटानं चाचपला.

"सर, हा वर राहतोय. पूर्वी खाली टेकायचा."

सरांनी मोबाईलचा उजेड खाचेत पाडला. तळाशी काहीतरी लाल दिसलं. मॅडमनी आधी कॉम्प्युटर बंद करायला लावला, वीजही काढायला लावली. आत घालायला लोखंडाचं काही नको होतं. खिडकीत खंडेनवमीची जळून गेलेली उदबत्ती तशीच खोचलेली होती. तिची काडी मॅडमनी खाचेत घातली, हळूच फिरवली, आणि काडीच्या टोकाशी तांदळाचा एक दाणा वर आला. कुंकवानं लाल झालेला.

तेवढ्यात आप्पा दारात आले. "दुसरा चहा बी संपला. काय झालं?"

मॅडमनी तो दाणा आप्पांच्या तळहातावर ठेवला. आप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग कॉम्प्युटरकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्हंजी ह्यो माझा व्हय?"

"पूजा मनापासून केलीत, आप्पा. म्हणून इतका आत पोचला."

"आन् मी ह्याला खोक्यात टाकलं." आप्पांनी दाणा खिशात ठेवला. "द्येवापतुर जायाचा, तर हितं आडकला."

टुंग.

साहेब आले. मॅडम पडद्यापाशी उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या मुठीत. वस्ती दाखवली. फाटा दाखवला. ऊस दाखवला. चिखलात मोनालीच्या चपलेचा ठसा आणि शेजारी बिबट्याच्या पंजाचा, हे चित्र आलं तेव्हा साहेबांनी टेबलावरचा मोबाईल उलटा ठेवला. पण शेवटी ते म्हणाले, "सगळं पटतंय, मॅडम. गाडी वस्तीवर नेली तर वळवायची कुठं? रिव्हर्स मारत फाट्यापर्यंत येणार का ड्रायव्हर?"

मॅडमनी माझं मागचं बटण दाबलं. पंजा गेला, ऊस गेला, फाटा गेला. आणखी एकदा दाबलं. वस्तीच्या कडेला उसानं भरलेला ट्रक मोकळ्या जागेत वळत होता. मी त्याच्या चाकांवरून लाल ठिपका फिरवला. हात मॅडमचा होता, ठिपका माझा.

"कारखान्याचा ट्रक इथं वळतो, साहेब. भरलेला."

साहेब पडद्याजवळ गेले. "जागा कुणाची?"

"माझी हाय," आप्पा मागून म्हणाले. "वळवा खुशाल."

सोमवारपासून गाडी वस्तीवर जाऊ लागली. मोनालीनं ट्रकच्या जागी वळणाऱ्या लाल एसटीचा फोटो आणून दिला. मॅडमनी तो त्या चित्रांत सगळ्यात शेवटी लावला आहे. मोनाली आता दहावीत आहे.

मित्रांनो, मला सांभाळा, जुन्यावर दया करा, असं मी म्हणणार नाही. दया मला नको. मी खरंच बिघडलो तर खुशाल खोक्यात टाका, पण आधी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. खाचेत उजेड पाडा. वाकून बघायला ज्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो, त्या मॅडम माझ्यासाठी वाकल्या. तुमची तर पाठ सरळ आहे.

यंदाही आप्पा खंडेनवमीला आले. हात तेवढाच सढळ. फक्त अक्षता टाकण्याआधी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर अंथरला. मला फूल वाहिलं. मी ते घेतलं. माझा हक्कच होता.