आधी सूड, मग पासवर्ड

"याचं वय झालं मॅडम. भंगारात काढा आणि नवा घ्या," असं दुरुस्तीवाल्याने माझ्या लॅपटॉपच्या देखत सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. कुणी वय काढलं की मला राग येतो, मग ते वय माझं असो की यंत्राचं. मी लॅपटॉप काखोटीला मारला, घरी आणला आणि त्याच्यावर जुनी प्रणाली पुसून लिनक्स नावाची नवी, फुकटची प्रणाली चढवली. एकटीने, पेनड्राइव्हवरून. आमचे हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते आणि मधूनमधून "गेलं वाटतं सगळं" एवढंच म्हणत होते.

गेलं काहीच नाही. वायफाय सापडेना, ते मी शोधून काढलं. आवाज येईना, तर कुठल्याशा यादीत त्याचं तोंड बंद करून ठेवलेलं निघालं. पान वर न्यायचं तर बोट खाली ओढावं लागायचं, तीही खोड मोडली. दोन दिवस मी घरात अशा तोऱ्यात वावरत होते, की लिनक्स जणू माझ्याच माहेरहून आलंय.

शुक्रवारी दुपारी मी रविवारचं कोडं उघडलं आणि माझा तोरा उतरला.

एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी शब्दकोडं देते. चांगलं पाऊण पानाचं, आडवे शब्द, उभे शब्द. ह्या आठवड्याचं कोडं मी लिनक्स चढवायच्या आधीच हातावेगळं करून, बाकीच्या सगळ्या कामांसकट, बाहेरच्या डिस्कवर जपून ठेवलं होतं. आता उघडलं तर मराठीचा पत्ता नाही. टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, टक्क्यांची चिन्हं, मोडके कंस. शोधसूत्र क्रमांक एक म्हणून जे काही दिसत होतं, ते वाचायला जीभ तीन ठिकाणी मुडपावी लागली असती.

थोड्या वेळाने डोक्यात उजेड पडला. मी फार जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन करते. तो फॉन्ट यंत्रात असेल तरच त्या अक्षरांची मराठी होते. सामान सगळं आणलं होतं आणि फॉन्ट मात्र जुन्या प्रणालीबरोबर पुसून टाकला होता. नव्याने लिहून काढावं, तर कळफलकही बदललेला. माझी बोटं सवयीने 'क' म्हणायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. एकेक अक्षर हुडकत सगळी शोधसूत्रं लिहायची म्हणजे रविवार उजाडला असता, आणि पुरवणीची पानं तर आज पाचला बंद होतात.

पुरवणीच्या संपादकाला फोन केला. मुलगा नवा आहे, पण फार गोड बोलतो. "अजिबात टेन्शन घेऊ नका मॅडम," तो म्हणाला. "नाहीच जमलं तर आमच्याकडे सॉफ्टवेअरने बनवलेलं कोडं तयार आहे. ते टाकतो."

मी टेन्शन घेतलं. ते कोडं एकदा छापलं गेलं आणि वाचकांपैकी कुणी तक्रार केली नाही, तर पुढच्या रविवारी मला कोण विचारणार? रविवारी सकाळी कोण कोण कुठे कुठे माझ्या कोड्यापाशी डोकं खाजवत बसलंय, ह्या कल्पनेवर मी आठवडा काढते. ते गेलं की माझ्याकडे फक्त घरकाम उरतं, आणि घरकामाची मला कधीच आवड नव्हती.

पुरवणीचं पान लावणाऱ्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी ऑफिसातला फॉन्ट लगेच मेलने पाठवला. माणूस सोन्यासारखा आहे. फाइल तशीच पाठवा म्हणाले, पण एकदा डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी कोडं सोडत नाही; एक मात्रा हुकली तरी वाचक आठवडाभर फोन करतात. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं, की फॉन्ट अमुक फोल्डरमध्ये टाकायचा. मी टाकायला गेले, तर यंत्र म्हणालं, परवानगी नाही. माझं यंत्र, माझं टेबल, आणि मलाच परवानगी नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा सासूबाईसुद्धा असं बोलल्या नव्हत्या.

"ताईला विचारू का?" हे हळूच म्हणाले.

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण, माझी नणंद. हवामान खात्याच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्या, आणि घरीही लिनक्सच वापरतात. विचारायला दुसरं माणूस शोधायची गरजच नव्हती. अडचण एवढीच होती, की वर्षभर वन्सं माझ्याशी बोलत नव्हत्या.

गेल्या वर्षी घराचं रंगकाम निघालं म्हणून त्या आठवडाभर आमच्याकडे राहून गेल्या. जाताना हसतमुख होत्या. पुढच्या रविवारपासून बोलणं बंद. का, ते देव जाणे. मी सगळं आठवून पाहिलं. आमटी खारट झाली होती का, उशी टणक होती का, मी काही बोलून गेले का. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "बाळला दे" एवढंच ऐकू आलं. बाळ म्हणजे आमचे हे, वय वर्षं चौसष्ट.

"विचारा," मी म्हटलं. "पण मी विचारलं असं सांगू नका."

"मग काय सांगू? मी लिनक्स शिकतोय?"

"काहीही सांगा, पण पाचच्या आत सांगा."

ह्यांनी फोन लावला आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. ह्यांची उमेदीची वर्षं कारखान्यात गेली, त्यामुळे कानांचं काम थोडं अंदाजपंचे चालतं. "ताई म्हणतेय, काळी खिडकी उघड."

"उघडीच आहे की, वारा येतोय."

"ही नव्हे. संगणकातली. टर्मिनल का काय."

मी टर्मिनल उघडलं. काळ्या चौकोनात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. "पुढे?"

हे बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा बदलला. फोनवर हात ठेवून, आवाज खाली आणून म्हणाले, "ताई म्हणतेय, आधी सूड. मग पासवर्ड."

"काय?"

"सूड म्हणाली. मी दोनदा विचारून घेतलं."

वर्षभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "कसला सूड?" मी ओरडलेच. "असं काय घोडं मारलंय मी त्यांचं? आठवडाभर हौसेने केलं, आणि वर सूड? काय चुकलं ते तोंडाने सांगायचं नाही, आणि..."

ह्यांचा हात फोनवर होता, पण माझा आवाज हाताला दाद देणारा नाही. पलीकडे सगळं पोचलं. मग हे म्हणाले, "तुला दे म्हणतेय."

मी फोन घेतला.

"सुडो," वन्सं म्हणाल्या. वर्षभरानंतरचा पहिला शब्द. "एस, यू, डी, ओ. मालकिणीच्या हक्काने सांगतेय, असा त्याचा अर्थ. ते आधी लिहिलं नाहीस, तर यंत्र तुला पाहुणी समजतं."

"मला वाटलं सूड."

"सूड घ्यायचा असता तर तुला लिनक्स शिकवलं असतं का? लिही मुकाट्याने."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी इंग्रजीत लिहिलं. यंत्राने पासवर्ड मागितला. मी बटणं दाबली, पण काही उमटेना. जोर लावून पुन्हा दाबली, आजूबाजूचीही बडवली, तरी नाही.

"वन्सं, कीबोर्ड गेला."

"कुठे जात नाही. पासवर्ड दिसत नाही, पण पोचतो. एकदाच लिही आणि एंटर मार."

मी तोवर तीनदा लिहिला होता. यंत्राने 'चुकला' म्हणून परत पाठवला. पुन्हा लिहिला, पुन्हा चुकला. घड्याळाकडे बघायची मला हिंमत होईना.

"वरच्या कोपऱ्यात भाषा कोणती दिसतेय?" वन्संनी विचारलं.

"मराठी."

"बटणं बडवताना भाषा बदललीस, पासवर्ड मराठीत जातोय, बाई. इंग्रजी कर."

इंग्रजी केलं. ह्या वेळी यंत्राने निमूटपणे ऐकलं आणि फॉन्ट जागेवर गेला. आणखी एक ओळ वन्संनी लिहायला लावली, फॉन्ट आल्याची वर्दी यंत्राला द्यायला म्हणून. मग मी कोड्याची फाइल उघडली.

आडवे शब्द. उभे शब्द. काना, मात्रा, वेलांटी, सगळं आपापल्या जागी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही. एकदा वाचून कोडं पाठवलं. "मिळालं मॅडम, पान लावायला घेतो," असं संपादकाचं उत्तर आलं तेव्हा पाच वाजायला थोडा अवकाश होता.

"गेलं का?" फोनमधून आवाज आला. मी विसरलेच होते. वन्संनी फोन ठेवलेला नव्हता.

"गेलं. तुमच्यामुळे गेलं. वन्सं, आता मला एक सांगा. माझं काय चुकलं?"

"मलाच विचार. सगळ्या गावाला कळेल असं पेपरात छापून वर मलाच विचार."

"काय छापलं मी?"

"माझं अगदी पाठ आहे," त्या म्हणाल्या. "न बोलावता येते, जा म्हटलं तरी जात नाही. तीन अक्षरी. मी तुमच्याकडून घरी येऊन जेमतेम बॅग रिकामी केली होती, आणि लगेच रविवारी हे. नणंद. मी पेनाने लिहिलं, नि पेपर भिरकावून दिला."

मला ते शोधसूत्र आठवलं, आणि इतकं हसू फुटलं, की ह्यांनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला.

"वन्सं, ती उचकी होती."

"काय?"

"उ, च, की. तीन अक्षरी. न बोलावता येते, जा म्हटलं तरी जात नाही. उत्तर पुढच्या रविवारी छापून आलं होतं की."

"मी उत्तरं कधी बघते का?"

बघत नाहीत, हे खरं. उत्तरं बघणाऱ्यांना त्या कॉपी करणारे म्हणतात.

"म्हणजे वर्षभर माझं कोडं सोडवलं नाहीत?" मी विचारलं. खरं तर हे मला जास्त लागलं होतं.

"सोडवत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्याशी बोलणं बंद होतं, कोड्याशी कशाला भांडू? पण पेन्सिलीने. त्यानंतर पेनाचा धीर झाला नाही." मग पलीकडे त्या हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग चांगल्या मोकळ्या. "उचकी. आणि मी बापडी म्हणत होते, खालचा एकही शब्द कसा जुळत नाही."

"तुमच्याशिवाय मला करमलं नाही हो वर्षभर," मी म्हटलं. असं काही मी सहसा बोलत नाही, त्यामुळे हे पेला हातात धरून बघतच राहिले.

"मला तरी कुठे करमलं," वन्सं म्हणाल्या. जरा घसा खाकरला आणि पुन्हा खात्यातल्या आवाजात विचारलं, "बरं, त्या यंत्रात आणखी काही अडलंय का? उद्या येऊन बघून जाईन."

मी पडद्याकडे पाहिलं. वायफाय लागलेलं होतं, आवाज येत होता, मराठी दिसत होती. लॅपटॉप नव्यासारखा चालत होता.

"पुष्कळ अडलंय," मी म्हटलं. "एका दिवसात व्हायचं नाही. बॅग भरूनच या."