बेपत्ता माणसाची वर्गणी

शनिवारी सुट्टीचा भोंगा झाला की रंगकारखान्याच्या फाटकापाशी सहाय्य मंडळाचं टेबल लागायचं. कुणी आजारी पडलं, कुणी दगावलं, तर घरच्यांची आबाळ होऊ नये म्हणून कामगारांनीच पोटाला चिमटा काढून ते मंडळ उभारलं होतं. कारखान्यात रंगवलेलं सूत धुणारी ती, कोपरापर्यंत निळे झालेले हात झटकत रांगेत उभी राहायची आणि नवऱ्याची वर्गणी भरायची.

नवरा लढाईवर गेला होता. अकरा महिन्यांपासून बेपत्ता होता. मेलेल्याच्या बायकोला मंडळ एकरकमी मदत देई. बेपत्ता माणूस मात्र नियमाने जिवंत, आणि जिवंत माणसाची वर्गणी चुकली की नाव कमी. लढाईने मंडळाचं कंबरडंच मोडलं होतं. निम्मे सभासद सैन्यात गेले, साठलेली रक्कम सरकारच्या आग्रहाखातर युद्धकर्जात अडकली, आणि मृत्यूच्या तारा थांबेनात. मंडळाचा चिटणीस तिचाच थोरला दीर. माणूस वाईट नव्हता. पण तिजोरी रिकामी होत गेली तसा त्याला नियमांचा पुळका येऊ लागला.

एक दिवस नवऱ्याचा सोबती उजवा हात गमावून परतला. तिच्या उंबऱ्यावर बसून त्याने सांगितलं, की तो गेला. नदीकाठी मीच त्याच्यावर माती लोटली. ती रडली नाही. मंडळापुढे हे सांगाल का, एवढंच तिने विचारलं. त्याने मान डोलावली.

सभेत चिटणिसाने त्याला मायेने जवळ बसवलं. जखमेची चौकशी केली, दरमहाची मदत वेळेवर पोचते ना विचारलं. मग म्हणाला की बेपत्तांचे तीसेक दावे असे तोंडी साक्षीवर एकदम मंजूर झाले, तर सगळ्यात आधी जखमींची मदत थांबवावी लागेल.

"आता नीट आठवून सांग. तू स्वतः पाहिलंस?"

"धूर फार होता," सोबती म्हणाला. "नक्की नाही सांगता येत."

तिने त्याला जिन्यात गाठलं.

"वहिनी, एक हात आहे आणि खाणारी तोंडं चार," तो म्हणाला.

तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

घरी तिने मुलीला सांगितलं, बाबा आता येणार नाहीत. सात वर्षांची पोर; तिने विचारलं, "मग काका का म्हणतात, येणार म्हणून?"

"त्यांना ते यायला हवेत, म्हणून."

पुढच्या शनिवारी दिराने वही उघडून तिच्यापुढे पावती धरली. तिने पैसे काढले नाहीत.

"भाऊजी, माझा नवरा मेलाय. मेलेल्याची वर्गणी मी भरणार नाही."

"नाव कमी होईल. पुढे तार आली तरी काही मिळायचं नाही," तो हळूच म्हणाला.

"तुमचा सख्खा भाऊ होता तो. एकदा तरी म्हणा, गेला म्हणून."

त्याने वहीत भावाच्या नावावर रेघ ओढली.

मागे उभी असलेली म्हातारी पुढे सरकली. तिचा मुलगाही त्याच नदीकाठी हरवला होता. नाणी एकेक करून टेबलावर ठेवून म्हातारी तिच्याकडे वळली आणि म्हणाली, "तू भरणं सोडलंस, म्हणून तुझा मेला. माझा आहे."

त्या शनिवारी एकोणतीस बायकांनी आपापल्या बेपत्ता माणसाची वर्गणी भरली. मंडळाने ती घेतली.